माशाचे बी बदलावे का? श्रद्धेच्या प्रकाशात एक अभ्यास



पवित्र शास्त्रातला पहिला आशीर्वाद कोणाला मिळाला, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण 'आदामाला' असे उत्तर देतील. पण उत्पत्तीचा पहिला अध्याय सावकाश वाचला तर दिसते की तो आशीर्वाद पाण्यातल्या जीवांना आणि आकाशातल्या पाखरांना मिळाला (उत्पत्ती १:२२). माणूस सहाव्या दिवशी आला. मासे पाचव्या दिवशीच आशीर्वादित होऊन पाण्यात होते. माणसाला सृष्टीवर अधिकार मिळाला हे खरे (१:२८). पण ज्याच्यावर अधिकार मिळाला त्याला देवाने आधीच आशीर्वाद दिलेला होता, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

आजच्या पाठाचा विषय तरुणांच्या सभेतून आला. परदेशात माशांची जनुके बदलून ते लवकर मोठे करतात, हे खरे आहे का? आपल्या धरणांत सापडणारी चिलापी तसलीच आहे का? ख्रिस्ती माणसाने असा मासा खावा का, पाळावा का? प्रश्न साधे वाटले तरी महत्त्वाचे आहेत. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव अशा जलाशयांच्या काठाने आपण राहतो. कोणी पाग टाकून संसार चालवतो, कोणी शेततळ्यात मत्स्यबीज सोडायचा विचार करतो, आणि शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून मासा तर बहुतेक घरांत शिजतो. म्हणून हा विषय पायरी-पायरीने समजून घेऊ.

१. आधी शब्द नीट समजून घेऊ

'जनुक बदलणे' या एका शब्दाखाली लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. त्यांची सरमिसळ झाली की भीतीही चुकीची आणि भरवसाही चुकीचा.

पहिली गोष्ट निवडीची. चांगल्या नर-मादीची जोडी लावायची, त्यांच्या पिल्लांतून पुन्हा चांगली निवडायची, असे पिढ्यान् पिढ्या करायचे. माणूस हे फार पूर्वीपासून करत आला आहे. लाबानाच्या मेंढरांतून सशक्त मेंढरे निवडून याकोबाने आपला कळप वाढवला, ती कथा आपल्याला ठाऊक आहे (उत्पत्ती ३०). आपल्या भातखाचरातले उदाहरण द्यायचे तर इंद्रायणी भात. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तो तयार केला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती दिला. माशांतले उदाहरण 'जयंती' रोहूचे. भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने नॉर्वेच्या शास्त्रज्ञांबरोबर १९९२ मध्ये काम सुरू केले. गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा या नद्यांतले रोहू एकत्र आणून निवड केली. दर पिढीला वाढीत सुमारे १७ टक्के फरक पडत गेला. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९९७ मध्ये, तो मासा बाहेर आला म्हणून त्याचे नाव जयंती.

दुसरी गोष्ट जनुक-संपादनाची. यात माशाच्या स्वतःच्याच जनुकांत अगदी नेमक्या जागी काप देऊन एखादे जनुक बंद पाडतात. बाहेरचे जनुक आत ठेवायचे नसते.

तिसरी गोष्ट जनुक-रोपणाची. यात एका जातीच्या जीवाचे जनुक दुसऱ्या जातीच्या जीवात कायमचे बसवतात. ते पुढच्या पिढ्यांतही उतरते. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातले बीटी कापसाचे बियाणे या प्रकारातले. २००२ मध्ये त्याला भारतात परवानगी मिळाली.

आता चिलापीच्या प्रश्नाचे उत्तर सरळ देता येईल. बाजारात 'गिफ्ट तिलापिया' नावाने जी सुधारित चिलापी मिळते, तिच्या इंग्रजी नावातच 'जनुकीय सुधारणा' असा शब्द आहे. त्यामुळे गैरसमज होतो. प्रत्यक्षात ती पहिल्या प्रकारातली, म्हणजे निवडीने सुधारलेली आहे. १९८८ मध्ये फिलिपिन्समध्ये हे काम सुरू झाले आणि त्यासाठी आफ्रिकेतून चिलापीचे मूळ वाण आणले गेले. परक्या जीवाचे जनुक तिच्यात घातलेले नाही.

२. जगात प्रत्यक्ष काय घडले

जनुक-रोपण केलेला आणि माणसाच्या ताटापर्यंत पोचलेला पहिला प्राणी हा मासाच होता. १९८९ मध्ये कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी अटलांटिक सॅमन माशात दोन तुकडे बसवले. एक तुकडा चिनूक नावाच्या मोठ्या सॅमनच्या वाढीच्या संप्रेरकाचा. दुसरा बर्फाळ समुद्रातल्या ओशन पाउट या माशाचा, जो विजेच्या बटणासारखे काम करतो. साधा सॅमन वर्षातला काही काळच जोमाने वाढतो. या माशात मात्र वाढीचे बटण बाराही महिने चालू राहते. साध्या माशाला विक्रीच्या वजनाला यायला सुमारे तीन वर्षे लागतात, तर हा सोळा ते अठरा महिन्यांत तयार होतो.

हा मासा समुद्रात निसटू नये म्हणून तीन कुंपणे घातली होती. तो जमिनीवरच्या बंदिस्त टाक्यांत वाढवायचा, सर्व मासे माद्याच ठेवायच्या, आणि त्या वांझ करायच्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याला परवानगी दिली. कॅनडाने २०१६ मध्ये दिली आणि २०१७ मध्ये तो तेथे विकला गेला. पाकिटावर वेगळी खूण मात्र नव्हती. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने सांगितले की निसर्गावर होणाऱ्या परिणामांचा प्रशासनाने पुरेसा विचार केलेला नाही, तो पुन्हा करावा. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने पैशाअभावी मत्स्यपालन बंद करण्याची घोषणा केली.

जपानने दुसरा मार्ग धरला. २०२१ मध्ये तेथे मादाई नावाचा समुद्री मासा विक्रीस आला. स्नायूंची वाढ रोखणारे त्याचे एक जनुक बंद केल्यामुळे त्याच्या अंगावर मांस अधिक भरते.

आपल्या देशातही प्रयोग झाले. मदुराई कामराज विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी रोहूचेच वाढीचे जनुक रोहूत जादा बसवून झपाट्याने वाढणारे मासे तयार केले आणि २००४ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. २०१६ मध्ये कौसल्यागंगेच्या संस्थेने रोगप्रतिकाराचा अभ्यास करण्यासाठी रोहूत जनुक-संपादन केल्याचे जाहीर केले. पण हे संशोधन झाले, विक्री नव्हे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम २२ नुसार असे अन्न परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि जनुक बदललेल्या कोणत्याही माशाला आपल्याकडे अशी परवानगी मिळालेली नाही. म्हणून भोरच्या बाजारातला मासा घेताना कोणी मनात शंका आणू नये.

मग हा पाठ कशाला? कारण परवानगी मागितली जाते तेव्हा नागरिकांना मत विचारले जाते, आणि मत द्यायला विवेक आधी घडावा लागतो.

३. कृती, हेतू आणि परिस्थिती

ख्रिस्तसभेची नीतिशिकवण कोणत्याही कृत्याकडे पाहताना तीन प्रश्न विचारते. कृती स्वतः कशी आहे? करणाऱ्याचा हेतू काय? आणि परिस्थिती व परिणाम कोणते? तिन्ही चांगले असतील तरच कृत्य चांगले ठरते. हेतू कितीही उदात्त असला तरी वाईट कृती चांगली होत नाही, आणि कृती निर्दोष असली तरी परिणामांकडे डोळेझाक करून ती करता येत नाही.

अ) कृती. काही जण म्हणतात, जनुकाला हात लावणे म्हणजे देवाची जागा घेणे. या आक्षेपात श्रद्धेचा आदर आहे, पण तो आहे तसा टिकत नाही. तसे असते तर कलम करणे, संकर करणे, रोगावर औषध देणे हेही पाप ठरले असते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाला पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन तळ्यात अंडी घालायला लावली. त्यांच्या त्या कामामुळे देशभर मत्स्यबीज मिळू लागले आणि आजही १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. तो निसर्गातला हस्तक्षेपच होता. देवाने माणसाला बागेत ठेवले ते मशागत करायला आणि राखायला (उत्पत्ती २:१५). मशागत म्हणजे हात लावणे आलेच.

लेवीय १९:१९ मध्ये दोन जातींच्या जनावरांचा संकर करू नये असे आहे, त्याचे काय, असे कोणी विचारील. त्याच वचनात दोन प्रकारच्या धाग्यांचे कापड अंगावर घालण्यासही मनाई आहे. इस्राएल लोकांचे वेगळेपण जपणारे ते विधिनियम होते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १० मध्ये पेत्राला झालेल्या दर्शनानंतर अन्नाच्या शुद्धाशुद्धतेचे असे नियम आपल्याला बांधत नाहीत.

तेव्हा माशाचे जनुक बदलणे हे स्वभावतःच पाप आहे, असे म्हणता येत नाही. पण येथे एक मर्यादा आहे. मासा हा अन्न असला तरी यंत्र नाही. तोही जीव आहे. सॅमनच्या जातीवर झालेल्या सुरुवातीच्या काही प्रयोगांत माशांची डोकी व जबडे वेडेवाकडे वाढले होते. प्राण्यांना विनाकारण क्लेश देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे धर्मशिक्षण-ग्रंथ सांगतो (क्र. २४१८). जो मासा धड पोहू शकत नाही, धड श्वास घेऊ शकत नाही, असा मासा केवळ वजनासाठी घडवणे हे राखणाऱ्याचे काम नव्हे.

आ) हेतू. भुकेल्याला अन्न देणे हा हेतू पवित्र आहे. या बाबतीत आम्ही आवर्जून एक नाव सांगू. भारतीय शास्त्रज्ञ डॉ. मोडाडुगु विजय गुप्ता यांना २००५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बांगलादेशासारख्या देशांत घराजवळच्या डबक्यांत आणि रस्त्याकडेच्या खड्ड्यांत मासे पाळायला त्यांनी गरिबांना, विशेषतः स्त्रियांना शिकवले. त्यात चिलापीही होती. ज्या घरात महिनोन् महिने डाळही पातळ असते, त्या घरातल्या मुलाला आठवड्यातून दोनदा मासा मिळाला तर त्याचे मोल मोठे असते. ज्याचे ताट रोज भरलेले आहे त्याने नव्या माशाला नाक मुरडण्यापूर्वी हे आठवावे.

पण हेतू तपासायचा तर तो नीट तपासला पाहिजे. सॅमन हा जगातल्या उपाशी लोकांचा मासा नाही. श्रीमंत देशांतल्या महागड्या ताटांतला तो मासा आहे. भुकेल्यांचे नाव पुढे करून दुसऱ्याच कोणाची सोय पाहिली जात असेल तर ते नाव घेणे अप्रामाणिक आहे.

इ) परिस्थिती आणि परिणाम. खरा पेच येथे आहे, म्हणून येथे जरा थांबू.

४. पाण्याला बांध नसतो

इंद्रायणी भात आपल्या खाचरात लावला तर तो खाचरातच राहतो. नको वाटला तर पुढल्या वर्षी दुसरे वाण लावता येते. मासा तसा नाही. जोराचा पाऊस झाला, शेततळ्याचा काठ फुटला, सांडव्यावरून पाणी गेले की मासा ओढ्यात, ओढ्यातून गुंजवणीत, गुंजवणीतून नीरेत, आणि नीरा नरसिंहपूरला भीमेत पोचतो. वेल्ह्याच्या आंबी-मोसेचे पाणी तर मुठेला मिळून पुण्यात जाते. एकदा सोडलेला मासा हाक मारून परत येत नाही.

ही नुसती कल्पना नाही, हे तीन उदाहरणांवरून दिसेल.

पहिले आपल्या चिलापीचे. ती मूळची आफ्रिकेतली. १९५२ मध्ये भारतात आणली. ती भराभर वीण घालते आणि इतर माशांचे अन्न व जागा बळकावते हे ध्यानात आल्यावर १९५९ मध्ये तिच्या प्रसारावर बंधन आले. तोवर उशीर झाला होता. आज महाराष्ट्रातल्या कितीतरी जलाशयांत ती भरपूर सापडते. या चिलापीचे जनुक कोणी बदलले नव्हते. नुसती जागा बदलली तरी एवढे झाले.

दुसरे उदाहरण सत्कार्यातून घडलेले आहे, म्हणून अधिक विचार करायला लावणारे आहे. दख्खनचा महाशीर हा आपल्या नद्यांचा मानकरी. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून त्याची शास्त्रीय नोंद केली. धरणांमुळे तो घटू लागला, तेव्हा लोणावळ्यात टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्याची पैदास केली आणि पिल्ले देशात ठिकठिकाणी दिली. हे काम कौतुकाचेच होते. त्यातली काही पिल्ले कर्नाटकात कावेरी नदीत सोडली गेली. कावेरीत तिचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला मोठा महाशीर होता. पुढे आपल्याकडचा महाशीर तेथे वाढत गेला आणि मूळचा मासा दिसेनासा होऊ लागला. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या मूळ माशाची ओळख पक्की केली, तेव्हा तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर होता. एक मासा वाचवण्याच्या चांगल्या हेतूने दुसऱ्या माशाचे घर धोक्यात आले.

तिसरे उदाहरण जनुक-रोपणाचेच आहे. काचेच्या पेटीत शोभेला ठेवायचा, चमकदार रंगाचा एक लहान मासा अमेरिकेत २००३ पासून विकला जातो. मूळ मासा आपल्या भारतीय उपखंडातला, झेब्रा मासा. त्यात जेलीफिशसारख्या समुद्री जीवांचे जनुक घातलेले. ब्राझीलमध्ये मत्स्यपालनाच्या तळ्यांतून तो निसटला आणि तेथल्या जंगलातल्या ओढ्यांत वीण घालू लागल्याचे २०२२ मध्ये संशोधकांनी प्रसिद्ध केले. तो निसटणार नाही, आणि निसटलाच तरी जगणार नाही, असे पुष्कळांना वाटत होते.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील दोन शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये आणखी एक धोका गणिताने मांडला. बदललेला नर मोठा दिसतो म्हणून माद्या त्याला पसंत करतात, पण त्याची पिल्ले कमजोर निघतात. असे झाले तर काही पिढ्यांत तो नैसर्गिक मासाही संपू शकतो. हे सर्वत्र घडेलच असे नाही. वांझ मासे आणि बंद टाक्या हे त्यावरचे उपाय आहेत. पण वांझपणाची शंभर टक्के हमी देता येत नाही, आणि पावसाळ्यात आपल्या डोंगरी भागात कोणते तळे शंभर टक्के बंद राहते, हे आपण जाणतोच.

संत थॉमस अक्वायनस यांनी विचारले आहे की देवाने एवढ्या नाना तऱ्हेच्या गोष्टी का निर्माण केल्या? त्यांचे उत्तर असे, की देवाचा चांगुलपणा कोणत्याही एका निर्मितीत मावत नाही. एकीत जे उणे पडते ते दुसरी भरून काढते. या दृष्टीने पाहिले तर मरळ, वाम, शिंगटा, महाशीर हे केवळ कमी-जास्त भावाचे मासे राहत नाहीत. प्रत्येक जात निर्मात्याविषयी काहीतरी सांगते. एक जात कायमची गेली की ते सांगणे थांबते. म्हणून धोका लहान असला तरी नुकसान भरून न येणारे असेल, तर सावधगिरी हे कर्तव्य ठरते.

५. बी कोणाच्या हातात?

निसर्गाइतकाच न्यायाचाही प्रश्न आहे. मासा वांझ ठेवला तर नदी सुरक्षित राहते, पण मच्छीमाराला दर हंगामात बीज कंपनीकडूनच घ्यावे लागते. वांझ ठेवला नाही तर बीज घरचे होते, पण नदी धोक्यात येते. हा पेच कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीत दिसणार नाही, म्हणून तो येथे मांडला.

कापसाचा अनुभव आपल्या राज्याने घेतला आहे. बीटी बियाण्याने सुरुवातीला बोंडअळीपासून दिलासा दिला हे नाकारता येत नाही. पण बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागले, आणि पुढे गुलाबी बोंडअळी त्या बियाण्याला दाद देईनाशी झाली. २०१७ मध्ये महाराष्ट्रात तिने कापसाचे मोठे नुकसान केले. दोष एकट्या बियाण्याचा नव्हता. पण कर्ज काढून बियाणे घेणाऱ्याला धक्का सर्वांत जास्त बसला. माशाच्या बाबतीतही नफा कोणाचा आणि धोका कोणाचा, हे आधी विचारले पाहिजे. ज्यांच्या जमिनी धरणांखाली गेल्या आणि ज्यांच्या हाती आता फक्त पाग आणि गळ उरला, त्यांच्या जलाशयात काय सोडायचे हे त्यांना न विचारता ठरू नये.

आणि सत्याचा प्रश्नही आहे. मुलाने मासा मागितला तर बाप त्याच्या हाती साप ठेवणार नाही, असे प्रभू येशू सांगतो (मत्तय ७:१०). बदललेला मासा म्हणजे साप नव्हे. पण मागणाऱ्याला आपण काय घेत आहोत हे कळले पाहिजे. सुरक्षित असेल तर लपवण्याचे कारण काय? स्पष्ट खूण नसलेली विक्री ग्राहकाच्या विवेकाचा हक्क डावलते.

६. ख्रिस्तसभेची भूमिका

ख्रिस्तसभेने या विषयावर 'हो' किंवा 'नाही' असा एका शब्दाचा निकाल दिलेला नाही, आणि ते शहाणपणाचे आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९० च्या जागतिक शांतिदिनाच्या संदेशात जीवसृष्टीत बेछूट जनुकीय फेरफार करण्याविरुद्ध इशारा दिला. २००४ च्या सामाजिक शिकवणीच्या सारग्रंथात मात्र असा हस्तक्षेप मुळातच अयोग्य नाही, पण त्याला कडक जबाबदारीची जोड हवी, असे म्हटले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात (क्र. १३० ते १३६) म्हटले आहे की याविषयी सरसकट मत देणे कठीण आहे आणि प्रत्येक प्रकरण वेगळे तपासावे लागते. बदललेल्या धान्याने माणसाला अपाय झाल्याचा निर्णायक पुरावा नाही, हे ते मान्य करतात. त्याचबरोबर जमीन थोड्यांच्या हाती जाते आणि लहान उत्पादक बाजूला पडतात, हेही दाखवतात. ज्यांच्यावर परिणाम होणार आहे त्या सर्वांचा सहभाग असलेली मोकळी चर्चा व्हावी, असा त्यांचा आग्रह आहे.

७. तात्पर्य

आतापर्यंतच्या विचारातून आम्हाला पुढील गोष्टी निष्पन्न होताना दिसतात.

एक, माशाचे जनुक बदलणे हे स्वभावतःच पाप नाही, आणि रीतसर तपासलेला असा मासा कोणी खाल्ला तर त्याच्या विवेकाला बोचणी लागण्याचे कारण नाही.

दोन, असा मासा मोकळ्या पाण्यात जाऊ देणे ही गंभीर गोष्ट आहे. जे परत घेता येत नाही ते 'बघू, काय होते ते' म्हणून करता येत नाही. बंदिस्त टाकी आणि धरणाचे पाणी यांना एकच माप लावू नये.

तीन, लहान मच्छीमाराला परावलंबी करणारी आणि ग्राहकाला अंधारात ठेवणारी पद्धत अन्यायाची आहे, मग मासा कितीही पौष्टिक असो.

चार, उद्याच्या प्रयोगशाळेविषयी बोलताना आजच्या आपल्या हातांकडेही पाहावे. पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यातून खाचरात येतात. ते अंड्यांनी भरलेले असतात. तेव्हा वाट अडवून मिळतील तेवढे मारायचे, कुठे विष कालवायचे, कुठे जिलेटीन फोडायचे, याला कोणत्याही शास्त्रज्ञाची गरज लागत नाही. अनुवाद २२:६-७ मध्ये घरट्यातली पिल्ले घेतलीस तरी आईला सोडून दे, असा नियम आहे. पोट भरण्याची मुभा आहे, मूळ तोडण्याची नाही. शेततळ्यात परक्या माशांचे बीज सोडणाऱ्यांनी सांडव्याला जाळी बसवावी. थाई मांगूर कोणी स्वस्तात देऊ केला तर घेऊ नये. २००० पासून त्यावर देशात बंदी आहे आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तो नष्ट करण्याचे आदेश दिले आहेत. या गोष्टी लहान आहेत, पण त्या आपल्या हातात आहेत.

लहान ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या ओढ्यात किंवा जलाशयात पूर्वी सापडणारे पण आता न दिसणारे मासे कोणते? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्यांची स्थानिक नावे लिहून आणावीत.

२. गरिबाला स्वस्त मासा मिळणे आणि नदीतला मूळ मासा टिकणे, यांत ओढाताण झाली तर निर्णय कोणी आणि कसा घ्यावा?

३. उत्पत्ती १:२२ आणि १:२८ एकत्र वाचा. माशाला मिळालेला आशीर्वाद माणसाच्या अधिकाराला कोणती मर्यादा घालतो?

४. येत्या पावसाळ्यात चढणीच्या माशांबाबत आपल्या वाडीत कोणता एक नियम सर्वांच्या संमतीने पाळता येईल?

प्रार्थना

हे निर्मात्या परमेश्वरा, तू पाण्याला जीवांनी भरलेस आणि आमच्या हातांना कसब दिलेस. कसबाला विवेकाची जोड दे. आमच्या ताटातला घास कोणाच्या तोंडचा हिरावलेला नसो, आणि आमच्या मुलांना या नद्या आमच्यापेक्षा गरीब न मिळोत. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे. आमेन.